चार मोजेपर्यंत

१

ज्योतीरामांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता, पण ते बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप मांडी घालून बसायचा, म्हणून मास्तर. त्यांचा धंदाच बोलण्याचा. मुक्या सिनेमाच्या पडद्याशेजारी वेताची छडी घेऊन उभं राहायचं आणि पडद्यावर काय चाललंय ते लोकांना मराठीत सांगायचं. बोलपट येऊन पंचवीस वर्षं होत आली होती आणि पुण्यात मुक्या सिनेमाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात मात्र मास्तरांचा खेळ अजून चालायचा. दौलतराव व्यापाऱ्यांच्या कांद्याच्या वखारीत, दुपारी दोन वाजता, खिडक्यांना गोणपाट लावून, आणि फक्त बायकांसाठी.

मशीन युनूसभाईंचं. हातानं फिरवायचं, जुनं, दर दोन महिन्यांनी रुसणारं. दापोडीत त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, तिथंच एका पत्र्याच्या पेटीत मशीन आणि रिळं आठवडाभर पडून असायची.

चित्र एकच होतं, पाच रिळांचं, परदेशातलं. त्यात रुंद टोपी आणि पुरुषी विजार घातलेली एक गोरी बाई घोडा दौडवत यायची, दोर टाकून बैल पाडायची, छपरांवरून उड्या मारायची, पिस्तूल झाडायची. नायक बिचारा बहुतेक वेळ कुठंतरी खांबाला बांधलेला असायचा आणि ही बाई त्याला सोडवायची. बायकांना तेच फार आवडायचं. चित्र तेच असलं तरी गोष्ट दर शनिवारी नवी. एका आठवड्यात ती भावाला सोडवायला निघालेली असायची, दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला, तिसऱ्यात सावकारानं दाबून ठेवलेल्या जमिनीच्या कागदांसाठी. मास्तर इतकं तिखटमीठ लावायचे की मोशीच्या बायका मुद्दाम बाजाराचं निमित्त काढून यायच्या.

पुढच्या रांगेत अंबुबाई बसायची. कांद्याची पात विकणारी, साठीची, आणि ठार बहिरी. मास्तरांची सगळी कारागिरी तिच्या बाबतीत वाया जायची. ते युनूसभाईंना हसत म्हणायचे की या वखारीत सिनेमा बघणारी ती एकटीच, बाकीच्या सगळ्या मला ऐकायला येतात.

२

बाईला सुरुवातीला नाव नव्हतं. मेमसाब म्हटलं की बायकांचा घोटाळा व्हायचा, म्हणून मास्तर गावागणिक नाव बदलायचे. मग मुलगी झाली, शालन. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली आणि मास्तर तिला कडेवर घेऊनच खेळ करू लागले. तेव्हापासून घोड्यावरच्या बाईचं नाव शालन पडलं ते कायमचं. शालननं उडी मारली, शालननं दोर फेकला. पोरगी खांद्यावर झोपलेली आणि बाप तिचे पराक्रम सांगतोय, असं सतरा वर्षं चाललं.

आता शालन एकोणीस वर्षांची होती. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथं ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या खात्यात होती. सकाळी सातची शिफ्ट. दापोडीपासून पिंपरीपर्यंत मुंबई रस्त्यानं ती सायकलवर जायची, युनूसभाईंनी जोडून दिलेल्या. तिच्या घंटीला चीर गेलेली होती, त्यामुळे ट्रिंग न वाजता ती खरखरायची, आणि रेल्वेच्या फाटकापासूनच मास्तरांना कळायचं की पोरगी आली. घरात शिरली की तिचं तोंड झोपेपर्यंत बंद व्हायचं नाही. मास्तरांच्या मनात या पोरीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि फाटक, रूळ, सायकल या तीन गोष्टींची त्यांना रोज भीती वाटायची.

दिवाळीच्या सुमारास शालननं त्यांना सांगितलं की आबा, त्या बाईला माझं नाव देऊ नका. खात्यात चाकणच्या दोन मुली होत्या, त्या चिडवायच्या. मास्तरांनी कबूल केलं. पुढच्या शनिवारी छडी उचलली, तोंड उघडलं, आणि सवयीनं शालनच आली. मग त्यांनी विषय सोडून दिला. एवढ्याशा नावानं काय होतंय, असं त्यांना वाटलं.

३

पाचवं रीळ अर्धं होतं. शेवटी बाई दौडत्या घोड्यावरून धावत्या आगगाडीवर उडी घ्यायची, मागच्या डब्याची दांडी उजव्या हातानं पकडायची, डावा हात निसटलेला, खाली पूल. तिथंच फिल्म तुटलेली. पुढचा भाग कधी आलाच नाही, कारण तोवर बोलपट आले. मास्तरांना हे इतकं पाठ होतं की ते मनात आकडे मोजायचे. दांडी पकडली की एक, दोन, तीन, चार, आणि पडदा पांढरा. युनूसभाई दिव्यासमोर हात धरायचे आणि मास्तर शेवट तोंडानं सांगायचे. कधी ती वाचायची, कधी पुढच्या शनिवारवर ढकलायची.

माघातल्या एका शनिवारी मास्तरांनी चार मोजले आणि पडदा पांढरा झाला नाही.

बाई लोंबकळतच होती. पाच. सहा. मग पडदा पांढरा झाला.

मास्तर बोलता बोलता अडखळले, पण वेळ मारून नेली. खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, तर युनूसभाई म्हणाले की त्यांनी काही जोडलेलं नाही, हात दुखत होता म्हणून मशीन सावकाश फिरवलं असेल. हे पटण्यासारखं होतं. मास्तरांना पटलंही. पण परत येताना एसटीत ते बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघत होता.

४

रविवारी सकाळी दोघांनी दुकानात रीळ काढलं. उडीच्या जागी युनूसभाईंचा स्वतःचा जोड होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. त्या जोडापासून तुटलेल्या टोकापर्यंत फिल्म तीन हात भरायची, हे दोघांनाही माहीत होतं. युनूसभाईंनी कोपरापासून बोटापर्यंत मोजलं. चार हात आणि वर चार बोटं.

"तुमचा हात आखडलाय म्हातारपणानं," मास्तर म्हणाले.

युनूसभाईंनी त्यांना मोजायला दिलं. तेवढंच भरलं.

मास्तरांनी घड्याळजीची काच डोळ्याला लावली आणि पट्टी उन्हात धरली. चित्रं नखाएवढी. तीस वर्षं हे चित्र दाखवूनही त्यांनी ते कधी समोरून पाहिलं नव्हतं. पडद्याच्या कडेला उभं राहिलं की सगळं तिरकं आणि लांबट दिसतं, माणसं कुठली आणि घोडे कुठले हे सवयीनं कळतं. त्यामुळे जे दिसलं ते आधीपासूनच तसं होतं की नाही, हे त्यांना खात्रीनं सांगता येईना. त्यांच्या आठवणीत पूल लाकडी ओंडक्यांचा होता. शेवटच्या हातभर पट्टीत त्याचे खांब दगडी होते, दापोडीच्या पुलासारखे. बाईची टोपी पडली होती. पाठीवर एक वेणी होती.

युनूसभाईंनी कात्री घेतली. म्हणाले, जास्तीचं कापून टाकू, कटकट मिटेल. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. का धरलं ते त्यांना त्या वेळी नीट सांगता आलं नाही. त्या जास्तीच्या पट्टीत ती लोंबकळत होती, आणि कात्री नेमकी तिच्या हातावर येत होती.

"मास्तर, फिल्म आहे ती," युनूसभाई म्हणाले.

"असू दे. राहू दे," मास्तर म्हणाले.

५

पुढच्या शनिवारी आठ मोजून झाले. गोष्ट पुढं न्यायला तर हवीच, म्हणून मास्तर बोलत राहिले. शालनच्या डाव्या मनगटाला दांडीचा पत्रा लागला, रक्त आलं, असं काहीतरी ते बोलून गेले. बायकांनी चक् चक् केलं.

संध्याकाळी घरी आले तर शालनच्या डाव्या मनगटाला पट्टी.

"बाटलीची काच लागली, आबा. काही नाही," ती म्हणाली आणि लगेच मुकादमाची नक्कल करायला लागली.

मास्तरांनी तिची नक्कल मध्येच तोडली. कधी लागलं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, काल. कालच लागलं असेल तर काल रात्रीच आपण ती पट्टी पाहिली असणार, डोक्यात राहिली असणार, आणि तीच गोष्टीत आली. घरातलं सगळं गोष्टीत येतच होतं की इतकी वर्षं. पण काल रात्री तिनं भाकरी वाढली तेव्हा मनगट उघडं होतं की बांधलेलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. ती बहुतेक सायकल घासत होती. की ते परवा? त्यांनी इतका विचार केला की शेवटी दोन्ही रात्री एकमेकींत मिसळून गेल्या.

शालननं ताट पुढं केलं तेव्हा ते तिच्या हाताकडेच बघत होते. ती हसून म्हणाली, "आबा, जेवा. मी कुठं पळून चाललेय का?"

६

त्यानंतरच्या शनिवारी मास्तर मोजायचंच विसरले. पट्टी किती लांबली होती कोण जाणे. पुलाच्या अलीकडे रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या कडेला, रुळाला लागून, काहीतरी आडवं पडलेलं होतं. कडेनं बघताना ते लांबट आणि काळं दिसलं, घोडा पडला असेल असं त्यांना वाटलं. घोड्याला चाक नसतं, हे त्यांच्या ध्यानात पडदा पांढरा झाल्यावर आलं.

आणि बाई मान वळवत होती. तीस वर्षं तिची पाठच दिसायची शेवटी. आता ती हळूहळू, मशीनच्या हिसक्यांबरोबर, मान वळवत होती, मास्तर उभे होते त्या कडेकडे. चेहरा यायच्या आत फिल्म संपली.

आठवडाभर त्यांच्या डोक्यात भुंगा होता. खेळच बंद करावा, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, बंद केलास तर ती तिथंच राहील, हात सुटताना. दोन्ही मनं ऐकली की तिसरं हसायचं, म्हणायचं, तुला वेड लागलंय मास्तर, झोप जरा. शालनला त्यांनी शनिवारची रजा काढ म्हटलं. तिनं कारण विचारलं आणि त्यांना एकही कारण सांगता येईना. पडद्यावरच्या बाईला तुझं नाव दिलंय म्हणून, असं कुठल्या बापानं कुठल्या मुलीला सांगायचं? आणि नाव काढून टाकीन म्हणून शब्द तर त्यांनी तिला केव्हाच दिला होता.

शनिवारी पहाटे ती सायकल काढून गेली. घंटी फाटकापर्यंत खरखरत गेली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

चाकणच्या एसटीत बसल्यावर मास्तरांना एक गोष्ट सुचली आणि त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला. पडद्यावर काय व्हायचं ते होऊ दे. शेवट नेहमी आपण सांगतो. बायका डोळ्यांनी बघतात, पण ऐकतात तेच खरं मानतात. आज शेवट असा सांगायचा की त्याला कुणी हातच लावू शकणार नाही.

७

वखारीत त्या दिवशी गर्दी फार होती. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. चार रिळं मास्तरांनी कशीबशी काढली. पाचवं लागलं. घोडा दौडला, गाडी आली, उडी बसली, हात दांडीला लागला, आणि मास्तरांनी पडद्याकडे सरळ पाठ फिरवली. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. समोर बायकांचे चेहरे होते, त्यांच्यावर पडद्याचा उजेड हलत होता.

त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"शालनचा हात सुटत नाही. डब्याचं दार उघडतं, आतून माणसं हात देतात, तिला वर ओढून घेतात. पूल मागं पडतो. गाडी दापोडीला थांबते. शालन उतरते. तिला काही झालेलं नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही. ती घरी येते. कडी काढते, चूल पेटवते, पीठ मळते आणि भाकरी थापायला बसते. बापाची वाट बघत बसते."

मेमसाब भाकरी थापते म्हटल्यावर बायकांत हशा पिकला, आणि मग टाळ्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. चेहऱ्यांवरचा उजेड अजून हलत होता. मास्तरांच्या उजव्या खांद्याला काहीतरी लागलं, हलकं, दोनदा. पडद्याचं कापड वाऱ्यानं हलत असेल, असं त्यांना वाटलं. ते वळले नाहीत. दाताखाली जीभ धरून उभे राहिले. मग उजेड स्थिर झाला, पांढरा, आणि युनूसभाईंनी दिव्यासमोर हात धरला. साडेतीन वाजले होते.

बायका पाट्या उचलून बाहेर पडल्या. अंबुबाई उठली नाही. तिनं टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. ती मास्तरांकडे अशी बघत होती की ते नाइलाजानं जवळ गेले. बहिरी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलली.

"पाठ का केलीस रं? ती पोर तुज्याकडं बघत हुती."

मास्तरांनी हातानंच विचारलं, कोण?

"तीच की. येनीवाली. तिनं तुज्याकडं हात केला. पार पडद्याच्या कडंला आला हात, तुज्या खांद्यापतुर. तोंडानं काय तरी म्हनत हुती, आबा आबा करत हुती. तू वळलाच न्हाईस." तिनं पाटी डोक्यावर घेतली. "मग सुटला तिचा हात."

मास्तरांनी खिडक्यांकडे पाहिलं. सगळीकडे गोणपाट घट्ट बांधलेलं होतं. वखारीत वारा नव्हता.

८

दापोडीला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटकाजवळ माणसं जमली होती, कंदील हलत होते. युनूसभाई बघायला गेले, मास्तर तिकडं गेले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि मागच्या बोळातून घर गाठलं. फाटकाजवळ रोजच माणसं असतात, असं ते स्वतःला सांगत होते.

दाराची कडी काढलेली होती. आत चूल पेटली होती.

शालन परातीपुढं बसली होती, भाकरी थापत.

मास्तर उंबऱ्यातच मटकन बसले. त्यांना रडू फुटलं. किती मूर्खासारखे घाबरलो, किती वाईट वाईट चिंतलं, आणि पोरगी ही इथं बसलीय, धडधाकट. बराच वेळ ते नुसते रडत होते आणि ती भाकरी थापत होती.

मग मुंबईची गाडी गेली. फळीवरची भांडी रोजच्यासारखी खणखणली. गाडी लांब गेली, भांडी थांबली, आणि घर एकदम शांत झालं. फारच शांत. शालनचा तळवा भाकरीवर पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता, आणि त्याचा आवाज येत नव्हता. चुलीतली लाकडंही तडतडत नव्हती. भाकरी केव्हाच थापून झाली होती, काठ पातळ होऊन फाटला होता, तरी ती तव्यावर टाकत नव्हती.

मास्तरांनी तिच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी नव्हती. जखम नव्हती. ओरखडासुद्धा नव्हता.

भिंतीशी सायकलची जागा मोकळी होती.

"शालन," ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं. तिचे ओठ हलले. ओठ त्यांना ओळखीचे होते, शब्दही ओळखीचा होता, आबा. पण आवाज आला नाही. तिचे ओठ तसेच अर्धवट उघडे राहिले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली, वखारीतल्या बायका पडदा पांढरा झाला की बघतात तशी, पुढचं ऐकायला.

बाहेर बोळाच्या तोंडाशी पावलं वाजली. पुष्कळ माणसं येत होती, सावकाश. त्यांच्यात कुणीतरी सायकल ढकलत आणत होतं. तिची घंटी दगडावर आपटून खरखरली. युनूसभाईंचा आवाज आला, "मास्तर. मास्तर, घरात आहात का?"

मास्तर उठले. त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि दाराला पाठ टेकून मुलीसमोर उभे राहिले. त्यांचा हात छडी धरल्यासारखा वर आला.

"मग," ते म्हणाले, "मग शालननं भाकरी तव्यावर टाकली."

तिनं भाकरी उचलली आणि तव्यावर टाकली.